वाचकांचे प्रश्न : शस्त्रक्रियेनंतरची तहान आणि तोंडाची निगा

मागील अंकात शस्त्रक्रियेपूर्वीच्या तयारीविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत जखम, टाके आणि पथ्य यांविषयी विचारणा असेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक पत्रे पाण्याविषयी आहेत. ‘ते पाणी मागत होते आणि आम्हाला देता आले नाही’ हे वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा आले आहे. परिचारिका म्हणून वॉर्डात काम करताना हेच वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकले, आणि त्याला मिळणारे ‘थोडे थांबा’ हे उत्तर मीही असंख्य वेळा दिले. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. येथील उत्तरे सर्वसाधारण आहेत. आपल्या रुग्णाच्या बाबतीत त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे.

‘आईच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली. हाताला सलाईन लावलेले असूनही ती रात्रभर घोटभर पाण्यासाठी विनवत होती. कॉटला “तोंडावाटे काही नाही” अशी पाटी होती. विचारले तेव्हा “सलाईनमधून पाणी चाललेच आहे, तहान लागायचे कारण नाही” असे सांगण्यात आले. मग तिला तहान का लागली? मी काही करू शकले असते का?’ – नाशिकरोड

आपल्या आईला लागलेली तहान खरी होती, हे आधी सांगते, कारण आपल्या पत्रावरून तिचे म्हणणे कोणी खरे मानले नाही याचेच दुःख आपल्याला अधिक झालेले दिसते.

तहान लागण्याची कारणे एकाहून अधिक असतात आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी ती सगळी एकत्र येतात. रक्तातील क्षारांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांनी जरी वाढले तरी मेंदूतील तहानेचे केंद्र जागे होते. आदल्या रात्रीपासूनचा उपास, शस्त्रक्रियेत गेलेले रक्त आणि उघड्या पोटातून वाफेवाटे निघून गेलेला ओलावा यांमुळे एवढा फरक सहज पडतो. नेहमीच्या सलाईनच्या एक लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ असते. ते रक्ताच्या क्षारतेशी मिळतेजुळते असल्यामुळे रक्तवाहिन्या भरल्या जातात, रक्तदाब टिकतो, लघवी होत राहते; परंतु साधे पाणी प्यायल्यावर रक्त जसे पातळ होते तसे त्याने होत नाही. त्यात भुलेच्या वेळी लाळ कमी व्हावी म्हणून दिलेली ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिनसारखी औषधे, वेदनाशामक म्हणून दिलेली अफूवर्गीय इंजेक्शने, मास्कमधून येणारा कोरडा ऑक्सिजन आणि नाकातून पोटापर्यंत घातलेल्या रायल्स ट्यूब या नळीमुळे तोंडाने घ्यावा लागणारा श्वास, यांची भर पडते. माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आटली की जीभ टाळूला चिकटते, ओठांना चिरा पडतात आणि बोलताना शब्द फुटत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तहान भागली की नाही, हे मेंदू आधी तोंडाला आणि घशाला विचारतो. उन्हातून आल्यावर आपण माठातले गार पाणी पितो, तेव्हा ते पोटातून रक्तात पोहोचायला काही मिनिटे लागतात. तरीही बरे मात्र पहिल्या दोन घोटांतच वाटते, कारण तोंडातील आणि घशातील गारव्याचा व ओलाव्याचा संदेश मेंदूला तत्काळ मिळालेला असतो. सलाईन हा सगळा मार्ग टाळून थेट शिरेत जाते. म्हणून शरीरात पाणी पुरेसे असूनही तोंड तहानलेले राहते. ‘सलाईन चालू आहे’ हे उत्तर रक्ताभिसरणापुरते बरोबर आहे, तोंडाच्या बाबतीत ते लागू पडत नाही.

पाणी न देण्यामागचे कारणही समजून घेतले पाहिजे, कारण ते क्षुल्लक नाही. भुलेच्या अमलाखाली खोकण्याची आणि गिळण्याची शक्ती मंदावते. अशा वेळी उलटी झाली तर पोटातील आम्लयुक्त द्रव श्वासनलिकेत उतरू शकतो. कर्टिस मेंडेल्सन या न्यू यॉर्कमधील स्त्रीरोगतज्ज्ञाने बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांमध्ये असे घडल्याची सविस्तर नोंद 1946 मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर ‘मध्यरात्रीनंतर काही नाही’ हा दंडक जगभर घट्ट झाला. आतड्याला टाके घातलेले असतील आणि आतड्याची हालचाल थंडावलेली असेल, तर पोट फुगून उलटी होण्याची भीती आणखी वाढते. गॅस सुटला का, असे राउंडला येणारे डॉक्टर दर वेळी का विचारतात, त्याचे कारण हेच. तेव्हा पाटी लावणाऱ्यांची चूक नव्हती. पाटीचा अर्थ मात्र ‘पोटात काही जाऊ देऊ नका’ असा आहे. ‘तोंड कोरडे ठेवा’ असा तो कधीच नव्हता.

आपण काय करू शकला असता, याचे उत्तर म्हणूनच बरेच मोठे आहे. ड्यूटीवरील सिस्टरला विचारून गार पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला गॉज (जखमेवर लावतात ती जाळीदार पट्टी) ओठांवरून, हिरड्यांवरून आणि जिभेवरून फिरवता येतो. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल तर तोंडात गार पाणी घोळवून किडनी ट्रेमध्ये थुंकता येते. ओठांना पातळ मलम लावता येते. मात्र ऑक्सिजन चालू असताना तूप, खोबरेल किंवा व्हॅसलीनसारखा तेलकट थर टाळावा आणि पाण्यात विरघळणारे मलम मागून घ्यावे. तोंडावर थेट पंख्याचा झोत येत असेल तर तो बाजूला वळवावा. एवढ्यानेही फरक पडलेला मी पाहिला आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पहिल्या रात्री पडद्यापलीकडच्या कॉटवर कोणीतरी तांब्यातून भांड्यात पाणी ओतले, आणि त्या आवाजाने माझ्या डोळ्यांत पाणी आले. पोटातील दुखणे मी सोसत होते. तो आवाज मला सोसवेना. सिस्टरने तीनदा येऊन वेदना किती आहे ते विचारले, तहानेविषयी एकदाही विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही, कारण रुग्णाने पाणी मागू नये हे मला ‘माहीत’ होते. पहाटे एका मावशींनी माझ्या ओठांना लागलेले फडके पाहून ते आपणहून थंड पाण्यात भिजवून आणले आणि माझ्या जिभेवर ठेवले. त्या फडक्याचा गारवा मला आजही आठवतो.

एक सावधगिरीची सूचना येथेच देते. ओले केल्यानंतरही तहान वाढतच चालली असेल, नाडी जलद लागत असेल, रुग्ण पांढराफटक किंवा अस्वस्थ दिसत असेल, पिशवीतील लघवी अगदीच कमी भरत असेल (साठ किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान तीस मिलिलिटर व्हायला हवी), तर ती तहान आतल्या रक्तस्रावाची खूण असू शकते. अशा वेळी गॉज भिजवत बसू नये, लगेच हाक मारावी. मधुमेही रुग्णाची तहान साखर वाढल्याचेही लक्षण असते आणि ती तपासूनच कळते.

आणि पुढच्या वेळेसाठी : शस्त्रक्रियेनंतरच्या तहानेची सुरुवात बहुतेकदा आधीच्या अनावश्यक लांबलेल्या उपासात असते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 1999 पासूनच निरोगी रुग्णाला नियोजित शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी किंवा बिनदुधाचा चहा यांसारखे स्वच्छ द्रव घेण्यास हरकत नाही असे सांगितले आहे. हलक्या आहारासाठी सहा तास आणि तेलकट जेवणासाठी आठ तास धरले जातात. दुधाचा चहा मात्र आहारातच मोडतो. गर्भवती स्त्रिया, दीर्घकाळचे मधुमेही आणि जळजळीचा तीव्र त्रास असलेले रुग्ण यांचे पोट उशिरा रिकामे होते, त्यांचा हिशेब वेगळा. दुपारी दोनची शस्त्रक्रिया असलेला माणूस रात्री दहापासून कोरडा राहतो, हे आपल्याकडे सर्रास घडते. ‘माझा नंबर कितवा आहे आणि मी किती वाजेपर्यंत पाणी पिऊ?’ हा प्रश्न भूलतज्ज्ञांना आदल्या संध्याकाळीच विचारावा.

‘बर्फ चघळायला द्यावा असे ऐकले. किती द्यावा, केव्हापासून द्यावा? बाहेरचा बर्फ चालेल का?’ – ओझर

बर्फ हे या कामातील सर्वांत चांगले साधन आहे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. तो सावकाश वितळतो, त्यामुळे घोट एकदम घशात जात नाही. गारवा दीर्घकाळ टिकतो. आणि चुरलेला बर्फ वितळल्यावर त्याचे पाणी मूळ मापाच्या जेमतेम निम्मे भरते, म्हणजे पोटात फारच थोडे जाते. तेवढेच पाणी साधे दिले तर समाधान कमी मिळते, हे वॉर्डात कोणीही पडताळून पाहावे.

केव्हा द्यावा, हे मात्र घरच्यांनी ठरवायचे नाही. ब्राझीलमधील लोंड्रिना येथील परिचारिका-संशोधकांनी शस्त्रक्रियेनंतरच्या तहानेवर बरेच काम केले आहे आणि त्यांनी सांगितलेली तपासणी अगदी सोपी आहे : रुग्ण पुरेसा जागा आहे का, तो सांगितल्यावर खोकू आणि गिळू शकतो का, आणि त्याला मळमळ किंवा उलटी होत नाही ना. या तिन्हींची उत्तरे अनुकूल असतील आणि शल्यचिकित्सकांची हरकत नसेल, तर उशाकडची बाजू उंच करून अर्धा चमचा चुरा जिभेवर ठेवावा आणि काही मिनिटे थांबावे. ठसका लागला, आवाज घोगरा-ओला वाटला किंवा ओकारी आली, तर तेथेच थांबून सिस्टरला सांगावे. अखंड चौकोनी खडा झोपाळलेल्या रुग्णाच्या तोंडात कधीही ठेवू नये. तो घशात सरकतो.

बाहेरच्या बर्फाविषयी माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. रसवंतीवर किंवा मासळी बाजारात दिसणाऱ्या लाद्या कोणत्या पाण्याच्या आहेत, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग देणे महाराष्ट्रात 2018 मध्ये बंधनकारक झाले. तथापि रंग नाही म्हणजे बर्फ शुद्ध आहे, अशी खात्री त्यावरून मिळत नाही. घरी पाणी उकळून, गार करून, झाकणाच्या स्वच्छ ट्रेमध्ये बर्फ लावावा. तो स्वच्छ फडक्यात गुंडाळून लाटण्याने ठेचला की हवा तसा चुरा मिळतो. ओझरहून नाशिकला रुग्णालयात नेताना तोंड मोठे असलेला थर्मास वापरावा आणि वितळलेले पाणी पुन्हा गोठवू नये.

‘सासूबाई शुद्धीवर आल्यावर नातेवाईकांनी रामकुंडाचे तीर्थ तोंडात घातले. मी अडवले तर घरात वाद झाला.’ – पंचवटी

आपण अडवलेत ते योग्यच होते. गंगाघाटाच्या इतक्या जवळ राहणाऱ्या कुटुंबात ही इच्छा किती मनापासून असते, हे मी जाणते; माझ्याही माहेरी ती होती. परंतु नदीचे न उकळलेले पाणी, मग ते कितीही श्रद्धेने आणलेले असो, नुकतीच भूल उतरलेल्या माणसाच्या घशात गेल्यास दुहेरी धोका असतो : ते श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि त्यातील जंतू अशक्त शरीराला बाधू शकतात. वॉर्डात मी असे प्रसंग वाद न करता निभावले आहेत. तीर्थ कपाळाला आणि डोळ्यांना लावू द्यावे, तांब्या उशाशी ठेवू द्यावा, आणि ‘तोंडात घालण्याचे पाणी सिस्टर देतील’ एवढे सांगावे. ज्येष्ठ मंडळींना नकारापेक्षा पर्याय लवकर पटतो.

‘डॉक्टरांनी पाणी सुरू करायला सांगितले, तरी आमच्या घरी पाण्याने टाके पिकतात म्हणून पत्नीला चार दिवस मोजून पाणी दिले.’ – म्हसरूळ

टाके पिकतात ते जंतुसंसर्गामुळे, प्यायलेल्या पाण्यामुळे नाही. प्यायलेले पाणी कातडीवरच्या टाक्यांपर्यंत पोहोचत नसते. उलट पाणी कमी पडले तर लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, डोकेदुखी आणि बाळंतीण असेल तर अंगावरच्या दुधाची तक्रार सुरू होते. परवानगी मिळाली की घोट घोट करत भरपूर पाणी द्यावे.

‘वडिलांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे. ते बराच वेळ गुंगीत असतात, कवळी वापरतात, तोंडाला वास येतो. रुग्णालयातून बोरोग्लिसरीन दिले आहे. तोंड साफ करायचे म्हणजे नेमके काय करायचे?’ – सातपूर

हा प्रश्न आपण विचारलात, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण चादर, जखम आणि बेडपॅन यांच्या गडबडीत तोंड नेहमी शेवटी राहते. वास ही लाजेची बाब नाही, ती सूचना आहे. लाळेत जंतूंना रोखणारे घटक असतात. लाळ आटली की दातांवर, जिभेवर आणि टाळूवर चिकट थर साचतो. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या तोंडातील जंतूंचे प्रकार दोन दिवसांतच बदलू लागतात आणि अधिक त्रासदायक जंतू तेथे वस्ती करतात. आडव्या पडलेल्या, गुंगीतील वृद्धाच्या घशातून हीच लाळ झोपेत थेंब-थेंब फुप्फुसात उतरते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना होणाऱ्या न्यूमोनियामागे पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून दात घासणे हे त्यांच्या बाबतीत औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

आता कृती सांगते. आधी आपले हात धुवावेत आणि वडिलांना, ते गुंगीत असले तरी, ‘बाबा, तोंड साफ करतो’ असे सांगावे; गुंगीतही ऐकू येत असू शकते, आणि न सांगता तोंडात काही घातले की माणूस दचकून दात आवळतो. उशाकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच करावी. खुब्याची शस्त्रक्रिया असल्याने कुशीवर वळवणे आपल्या मनाने करू नये. नुसती मान एका बाजूला वळवून गालाखाली टॉवेल आणि किडनी ट्रे ठेवावा. लहान मुलांचा मऊ ब्रश पाण्यात बुडवून झटकून घ्यावा, म्हणजे पाणी टपकणार नाही. पेस्ट वाटाण्याएवढीही नको, नुसता ठिपका पुरे. दात शिल्लक असतील ते हिरडीलगत हळूहळू घासावेत. मग जीभ मागून पुढे, परंतु फार मागे न जाता, कारण तेथे स्पर्श झाला की ओकारी येते. शेवटी पिळलेल्या ओल्या गॉजने सगळा फेस पुसून घ्यावा. गुंगीतील माणसाच्या दातांमध्ये आपले बोट कधीही घालू नये. चावा अनवधानाने आणि जोराने बसतो. गॉज बोटाला न गुंडाळता चिमट्याला किंवा ब्रशच्या दांड्याला घट्ट गुंडाळावा. हे दिवसातून निदान दोनदा करावे, आणि जागेपणी दर दोन तासांनी नुसते ओले करावे.

पापुद्रे घट्ट चिकटले असतील तर ते ओढून काढू नयेत, खालून रक्त येते. एक कप उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा विरघळवून त्यात भिजवलेला गॉज पाच मिनिटे त्यावर ठेवावा. पापुद्रा आपोआप सुटतो. एकदा निफाडकडच्या एका आजींच्या टाळूवरून मी असा तपकिरी, साबुदाण्याच्या पापडीसारखा वाळलेला थर तीन फेऱ्यांत सोडवला. तो निघताच त्यांनी पहिल्यांदा स्पष्ट शब्द उच्चारला, तो नातीचे नाव होता. त्या दोन दिवस काही बोलत नाहीत म्हणून घरचे घाबरले होते. त्यांची वाचा गेली नव्हती, जीभ अडकली होती.

बोरोग्लिसरीनविषयी माझे मत आता बदललेले आहे. आम्ही ते वर्षानुवर्षे वापरले, कारण लावल्याबरोबर तोंड चकचकीत, ओलसर दिसते. ग्लिसरीन मात्र ओलावा ओढून घेते आणि काही वेळाने तोंड आणखी कोरडे वाटू लागते. लिंबू-ग्लिसरीनच्या काड्यांमध्ये आम्लाचीही भर पडून दातांवरील आवरण झिजते. साधे पाणी, सलाईन किंवा सोड्याचे पाणी यांनी काम चांगले होते. डॉक्टरांना विचारून बदल करावा.

गुलाबी रंगाचे क्लोरहेक्सिडीनचे माउथवॉश दिलेले असेल तर ते सांगितलेल्या दिवसांपुरतेच वापरावे. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. पेस्ट वापरल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा, नाहीतर त्याचा परिणाम घटतो. व्हेंटिलेटरवरील रुग्णांसाठी अमेरिकेतील संसर्गतज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी तर रोज ब्रश करण्यावर भर दिला आहे आणि क्लोरहेक्सिडीन सरसकट वापरू नये असे म्हटले आहे. ब्रशची जागा कोणतीच बाटली घेत नाही, हे आम्हा जुन्या परिचारिकांनाही उशिरा मान्य करावे लागले.

कवळी गुंगीत असेपर्यंत तोंडाबाहेरच राहू द्यावी. ती ब्रशने घासावी, पाण्याने भरलेल्या तसराळ्यावर धरून घासावी म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही, आणि नाव लिहिलेल्या झाकणाच्या डबीत साध्या पाण्यात ठेवावी. गरम पाण्याने ती वाकडी होते. कागदी रुमालात गुंडाळून जेवणाच्या ताटात ठेवलेली कवळी उष्ट्याबरोबर जाते. असे किती वेळा घडले याची गणती नाही. जिभेवर दह्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि पुसल्यावर खाली लाल भाग राहिला, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. कवळी वापरणारे, मधुमेही आणि जास्त प्रतिजैविके घेतलेले यांच्यात तो सहज होतो आणि औषधाने जातो.

‘आई रोज मशेरी लावते. गर्भाशय काढल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ती मशेरी मागू लागली. “त्याशिवाय तोंड साफ वाटत नाही” म्हणते.’ – सिन्नर

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि तिला लागलेली सवय ही निकोटीनची आहे. दातांच्या स्वच्छतेशी तिचा संबंध नाही. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळते. शिवाय रिकाम्या पोटी तिची लाळ गिळली गेली तर उलटी होते, आणि ताज्या टाक्यांवर उलटीचा ताण किती बसतो ते आईंनाच विचारावे.

तरीही त्यांना रागावू नये. वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात तुटली की चिडचिड, बेचैनी, डोके दुखणे हे सगळे होते, आणि रुग्ण तोंड कोरडे पडले, कडू झाले असे म्हणतो. सवयीची माहिती डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना लपवू नका. स्त्रिया आणि त्यांचे मुलगे दोघेही ती लपवतात, असा माझा अनुभव आहे. मऊ ब्रश, थोडी पेस्ट आणि गार पाण्याच्या चुळा सकाळी मशेरीच्याच वेळी द्याव्यात. परवानगी असेल तर वेलदोडा किंवा लवंग तोंडात ठेवू द्यावी. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला तर टाके काढायला जाल त्याच दिवशी दंतवैद्यांनाही दाखवावे.

‘सिझेरियननंतर च्युइंगम चघळायला सांगितले. हे खरे आहे का?’ – इंदिरानगर

खरे आहे. चघळल्याने आतड्याला जेवण येत असल्याचा संदेश मिळतो आणि त्याची हालचाल लवकर सुरू होते. सिझेरियननंतर गॅस लवकर सुटतो, असे वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात आढळले. लाळ सुटते, हा आपल्या दृष्टीने दुसरा लाभ. बिनसाखरेचे घ्यावे, पूर्ण जागे असताना आणि बसूनच चघळावे.

‘वडिलांचे बायपास झाले आहे. दिवसाला एक लिटरच पाणी सांगितले आहे. मे महिन्याच्या उन्हात ते कासावीस होतात.’ – गंगापूर रोड

एक लिटरमध्ये चहा, ताक, वरण, आमटी हे सगळे धरलेले असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवावी. वडिलांना जे काही पातळ द्याल, तेवढ्याच मापाचे पाणी तिच्यातून ओतून टाकावे, म्हणजे उरलेले डोळ्यांसमोर दिसते आणि भांडण होत नाही. मोठा पेला काढून घेऊन लहान वाटीने पाणी द्यावे. गोळ्या जेवणातल्या पातळ पदार्थांबरोबर घेता येतील का ते विचारावे.

तहान वाढवणारा पदार्थ मीठ आहे. पापड, लोणचे, शेव आणि मिसळीचा रस्सा हे नाशिककराला सोडणे जड जाते, परंतु यांपैकी एकही पदार्थ जेवणात असेल तर त्या दुपारी एक लिटर पुरणार नाही.

तोंड गार पाण्याने खळखळून थुंकले तर ते हिशेबात येत नाही. बर्फाचा एक खडा वितळवून त्याचे पाणी एकदा चमच्याने मोजून ठेवावे, मग दिवसाला किती खडे ते ठरवता येते. आपल्याकडे द्राक्षे सर्वत्र मिळतात, त्यांचा एक चांगला उपयोग आहे : स्वच्छ धुऊन, उभी अर्धी चिरून ती फ्रिजरमध्ये गोठवावीत आणि दुपारी चार-पाच फोडी एक-एक करून चघळायला द्याव्यात. गारवा बर्फासारखाच, आणि लाळही सुटते. साखरेचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारावे. अखंड द्राक्ष वृद्धाला देऊ नये, ते घशात अडकते. कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्याचा घसा त्याने सुकतो. लिंबाची फोड सारखी चोखणे दातांना घातक आहे.

रोज सकाळी लघवी झाल्यावर एकाच काट्यावर वजन करावे. एक-दोन दिवसांत किलोभर वाढले, पाय सुजले किंवा उताणे झोपवेना, तर त्याच दिवशी कळवावे. घाम फार जात असेल, चक्कर येत असेल, लघवी कमी झाली असेल तरीही कळवावे, कारण डॉक्टर उन्हाळ्यापुरती मर्यादा सैल करू शकतात. ती आपण आपल्या अंदाजाने सैल करू नये.

‘मी नाशिकमध्ये नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात वेदना मोजायला शिकवतात, तहान मोजायला कोणी शिकवत नाही. ती नोंदवायची कशी?’

वेदना नोंदवता तशीच. शून्य म्हणजे तहान अजिबात नाही आणि दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी. यात आपली तहान किती, असे रुग्णालाच विचारावे. बोलता येत नसेल तर बोटांनी दाखवू द्यावे. मग टॉर्च घेऊन तोंडात पाहावे : ओठ, जीभ, टाळू, लाळ ओढली तर तार येते की पाणी. आधी सांगितलेली तिहेरी तपासणी करावी आणि जे दिले ते, म्हणजे गॉज, चूळ किंवा अर्धा चमचा बर्फ, वेळेसह लिहावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा आकडा विचारावा. रुग्ण आपणहून सांगेल याची वाट पाहू नये. पाणी मिळणार नाही हे माहीत असलेला माणूस मागणेच सोडून देतो.

सुरुवातीला केसपेपरवर यासाठी रकाना नसेल. वेदनेच्या आकड्याशेजारी ‘तहान 8, बर्फ अर्धा चमचा, नंतर 4’ एवढे लिहावे आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे रुग्ण सोपवताना, ते वाचून दाखवावे. सकाळच्या राउंडला डॉक्टरांच्या नजरेस तो आकडा पडला की पाणी केव्हा सुरू करायचे, हा प्रश्न तेच विचारू लागतात.